शाळेत बोलायला बोलावलंय, मान मोडलेल्या माणसानं तिथं काय सांगायचं?

प्रश्न असा आला होता: "दादा, मला सी ५-सी ६ ची (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याशी मज्जारज्जूची) इंज्युरी होऊन अडीच वर्षं झाली. खांदे चालतात, मनगट वर होतं, बोटं अजिबात नाहीत, व्हीलचेअरवर चार-पाच तास बसतो. गावातल्या हायस्कूलचे हेडसर घरी येऊन गेले, म्हणाले ५ सप्टेंबरला मुलांपुढं बोल, त्यांना प्रेरणा मिळेल. मी दहावीच्या निरोप समारंभानंतर माइक हातात धरलेला नाही. काय बोलू, तयारी काय करू? आणि खरं सांगायचं तर मलाच कधी कधी सकाळी डोळे उघडावेसे वाटत नाहीत, मग मी कुणाला कसली प्रेरणा देणार?"

भावा, तुझं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं, कारण असं विचारणारा माणूस शाळेत जाऊन थापा मारणार नाही. मी पण सी ६, मे २००९ मध्ये मान मोडली, २०१३ पासून शाळांमधे जातोय, आता मोजायचं सोडून दिलंय पण दोनशेच्या आसपास झाल्या असतील, झेडपीच्या चौथीपासून ज्युनिअर कॉलेजपर्यंत. हे सगळं फोनला बोलून टाइप करतोय, त्यामुळं कुठं वाक्य लांबलं तर सांभाळून घे.

भाषण नंतर. आधी लघवीचं बघू.

हसू नकोस, आपलं भाषण किती चालणार हे आपण ठरवत नाही, ब्लॅडर ठरवतो. तू सीआयसी (ठरावीक वेळेला नळी घालून लघवी काढणं) करतोस की बॅग लावतोस ते लिहिलं नाहीस. सीआयसी असेल तर घरातून निघताना कर आणि पुढच्या वेळेच्या आत घरी पोचशील असा कार्यक्रम ठेवायला सांग, कारण शाळेच्या टॉयलेटमधे चेअर आत जाईल आणि दार पण लागेल असं मला दहात एखाद्या ठिकाणी मिळालंय. बॅग असेल तर निघताना रिकामी आणि नळी मांडीखाली दबली नाही ना हे दोनदा बघ. लघवी नको म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं हा उद्योग मात्र करू नको, मी केलाय, त्यानंतर आठ दिवस ताप आणि अँटिबायोटिक. पोट साफ करायचा दिवस त्याच तारखेला येत असेल तर आठवडाभर आधीपासून तो सरकव, आदल्या दिवशी घाईनं नाही.

आता नळीवर एवढा जोर का देतोय ते सांगतो. एका शाळेत (नाव नको) मी बोलायला लागलो आणि पाचव्या मिनिटाला डोकं ठणकायला लागलं, म्हणजे साधं दुखणं नाही, आतून कुणी हातोडा मारतंय असं, कपाळावर घाम, कान गरम, आणि हातावर काटा. पुढं बसलेल्या बाईंना वाटलं की मी भावुक झालोय, त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी भावुक वगैरे काही नव्हतो, बॅगेची नळी चेअरच्या बाजूच्या पत्र्यात अडकून मुडपली होती आणि ब्लॅडर तुडुंब भरला होता. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. डिस्चार्जच्या कागदावर हा शब्द बहुतेक असेल पण तुला कुणी नीट समजावला असेलच असं नाही. टी ६ (छातीच्या मागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर इंज्युरी असली की खालून शरीर काहीतरी ओरडतंय पण ते मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि बीपी मात्र सुसाट वर जातं. आपलं नेहमीचं बीपी ९०-१०० च्या आसपास असतं, त्यामुळं १४० बघून शाळेत आलेले डॉक्टर पालक म्हणतील "एवढं काही नाही", पण आपल्यासाठी ते खूप आहे, त्यातून झटका येऊ शकतो. अशा वेळी आडवं व्हायचं नाही, बसूनच राहायचं, पट्टा-बूट-बेल्ट सगळं सैल करायचं, नळी बघायची, ब्लॅडर मोकळा करायचा, तरी उतरलं नाही तर थेट दवाखाना. माझ्या चुलतभावानं नळी सरळ केली आणि मिनिटा-दोन मिनिटांत हातोडा थांबला. म्हणून सोबत जो येईल त्याला हे पाठ पाहिजे. भाषण तुझं पाठ नसलं तरी चालेल.

ऊन. आपल्याला इंज्युरीच्या लेव्हलच्या खाली घाम येत नाही हे तुला अडीच वर्षांत कळलंच असेल. सप्टेंबरमधे पाऊस उघडला की पत्र्याच्या शेडमधे काय होतं ते पण माहीत असेल. पाण्याची स्प्रेची बाटली आणि ओला पंचा ठेव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सरांना आत्ताच सांग की मी पहिला बोलणार. नाहीतर होतं काय, दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, मग सरपंच, मग केंद्रप्रमुख, मग संस्थेचे कुणीतरी, आणि तुझा नंबर येईपर्यंत तू एकाच जागेवर दोन तास बसलेला. अर्ध्या तासाला पुढं वाकून दोन मिनिटं बूड मोकळं करायचं हे कार्यक्रमात पण सोडायचं नाही. मी तर बोलता बोलता करतो, मुलांना सांगून. "थांबा रे, मला आता वाकायचंय, नाहीतर बेडसोर होईल", आणि मुलं गप्प बसून बघतात. पुढं मग तेच विचारतात बेडसोर म्हणजे काय, झालं, एक विषय निघाला.

स्टेजवर जाऊच नको. माझ्या अगदी पहिल्या कार्यक्रमात हॉल वरच्या मजल्यावर होता आणि चार शिपाई मामा मोठ्या उत्साहानं धावत आले, दोघांनी पुढून फूटरेस्ट धरलं, दोघांनी आर्मरेस्ट, आणि "हं, एक-दोन-तीन" म्हणून उचललं. माझ्या चेअरचं आर्मरेस्ट निघणारं आहे. तीन म्हणताच ते मामांच्या हातात आलं आणि मी डाव्या कुशीवर झुललो, नशीब की छातीचा पट्टा होता. तेव्हापासून नियम, उचलायचंच असेल तर फक्त फ्रेम आणि मागचे हँडल, पायऱ्या असतील तर चेअर उलटी करून, आणि सूचना देणार माझा माणूस, उचलणारे नाही. रॅम्प आहे म्हणाले तर फोटो मागव. एकाला बारा हे प्रमाण असतं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो, आणि शाळेचा रॅम्प बऱ्याचदा असा असतो की त्यावरून मुलं घसरगुंडी खेळतात. पण तसंही स्टेज हवंय कशाला? मुलं खाली सतरंजीवर, तू सहा फूट वर, म्हणजे पुतळाच झाला. खाली त्यांच्यात जा. चेअरवर बसलेला माणूस आणि सतरंजीवर बसलेली मुलं यांच्या नजरा जवळपास जुळतात.

आणि पूर्ण शाळा नको. दोन वर्ग, ऐंशी-नव्वद मुलं, आठवी-नववी उत्तम. आपल्या बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू चालत नाहीत, सगळा श्वास डायफ्रामवर, त्यामुळं आवाज लांब जात नाही आणि लांब वाक्य अर्ध्यात तुटतं. ग्राउंडवर सहाशे मुलांपुढं ओरडशील तर दहा मिनिटांत चक्कर. पोटाचा पट्टा बांधून जा, श्वासाला पण बरं आणि बीपी पडत नाही. माइक कॉलरचा मागव, नसला तर स्टँड. आपल्या तोंडापुढं दुसऱ्या कुणीतरी माइक धरून उभं राहिलं की सगळे त्या धरणाऱ्याकडेच बघतात.

बरं, आता बोलायचं काय.

मी पहिली दोन वर्षं जे करायचो ते तू करू नको. मी रडवायचो. खरंच, ठरवून. विहीर, मित्र, आई, आयसीयू, डॉक्टर म्हणाले आयुष्यभर असंच, मग एक लांब पॉज, मग "पण मी हरलो नाही". बायका रडायच्या, सर लोक चष्मे पुसायचे, टाळ्या कडाडून. आणि मुलं? मुलं बुटाकडं बघत बसायची. मला ते दिसायचं पण मला वाटायचं की भारावली असतील. मग एका झेडपी शाळेत असाच लांब पॉज घेतला होता आणि सातवीतला एक बारका हात वर करून म्हणाला, "काका, नाकाला खाज आली तर काय करता?" सगळा वर्ग फुटला हसायला, बाई ओरडल्या त्याच्यावर, आणि मी पण हसलो कारण त्या क्षणी मला खरंच नाकाला खाज येत होती, दहा मिनिटं सहन करत होतो. मी त्याला म्हटलं ये इकडं, खाजव. तो आला, घाबरत घाबरत एका बोटानं खाजवलं, म्हटलं जोरात रे, आणि त्यानं असं खाजवलं की माझ्या डोळ्यातून पाणी. मग पाऊण तास नुसते प्रश्न. घंटा झाली तरी उठेनात. त्या दिवशी घरी येताना मी भाषण फाडून टाकलं, म्हणजे भावाला फाडायला सांगितलं.

तेव्हापासून माझा हिशोब असा, गोष्ट बारा मिनिटं, बाकी सगळा वेळ प्रश्न. गोष्ट सांगायची ती सरळ, कोर्टात साक्ष देतो तशी. माझी अशी आहे. मामाच्या मळ्यातली विहीर, आदल्या दिवशी त्याच कठड्यावरून सूर मारला होता तेव्हा पाणी वर होतं. रात्रभर मोटर चालली, उसाला पाणी दिलं, सकाळी पाणी सात-आठ फूट खाली आणि गढूळ, ठाव दिसत नव्हता, मी बघितलंच नाही. डोकं तळाला लागलं, मागून सगळ्या अंगाचा भार मानेवर आला. आवाज आला, काडी मोडल्यासारखा. मग मी पाण्यात तरंगतोय, डोळे उघडे, आणि हात हलत नाहीत. मित्रांनी ओढून काढलं, दंडाला आणि पायाला धरून, जीपमधे बसवून नेलं, मान प्रत्येक खड्ड्यात डुलत होती. तेव्हा आपल्याकडं १०८ नव्हती, ती २०१४ ला सुरू झाली. एवढंच. विशेषणं नकोत, मुलांना ती आपोआप लावता येतात.

आणि इथं एक जागा अशी आहे की जिथं मी थांबून सांगतो, कारण याचा खरा उपयोग आहे. पडलेल्या माणसाला मान दुखतेय, हातपाय हलत नाहीत, मुंग्या आल्यात असं म्हणाला तर त्याला बसवायचं नाही, पाणी पाजायला मान उचलायची नाही, डोकं आणि धड एका रेषेत ठेवून धरून ठेवायचं आणि १०८ लावायचा. पाण्यात असेल तर तोंड वर करून तरंगत धरायचं. मी दोन पोरांना पुढं बोलावून हे प्रत्यक्ष करून घेतो, एक आडवा, एक डोक्याशी गुडघे टेकून. आणि विहिरीत पहिली उडी नेहमी पायावर, मुटका मारा काय करायचं ते करा, पण सूर नाही. काल पाणी किती होतं याला काही अर्थ नाही. आंब्यावरून, नारळावरून, दहीहंडीच्या थरावरून पडणारे, बाईकवर हेल्मेट न घालणारे, हे सगळे आमच्या वॉर्डात शेजारी शेजारी होते. डब्ल्यूएचओ सांगतं की जगात दीड कोटीहून जास्त लोक स्पायनल इंज्युरीसोबत जगतायत आणि मोठी कारणं म्हणजे पडणं आणि रस्त्यावरचे अपघात, म्हणजे जी टाळता येतात तीच. अमेरिकेत न्यूरोसर्जन मंडळींनी १९८६ मध्ये याच कामासाठी एक कार्यक्रम काढला, त्याला पुढं थिंकफर्स्ट नाव पडलं, त्यात आपल्यासारखीच माणसं शाळांत जाऊन हेच सांगतात, स्वतःची मान दाखवून. म्हणजे आपण काही नवीन करत नाही. आणि सरांना हे पण सांग की ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन आहेच, पण २०१६ पासून तोच जागतिक स्पायनल कॉर्ड इंज्युरी दिन पण आहे. मग "प्रेरणादायी व्याख्यान" असा फलक लावायच्या ऐवजी दुसरं काहीतरी लिहिता येईल त्यांना.

शरीर कसं चालतं हे सांगायला विज्ञानाचा तास कर. मानेत सात मणके, जिराफाला पण सातच, इथं हमखास कुजबुज होते. मज्जारज्जू साधारण करंगळीएवढा जाड आणि दीड फूट लांब. मी बोर्डाची वायर सांगतो, बल्ब चांगला, मेन स्विच चांगला, मधे वायर गेली. मग एखादा हुशार म्हणतोच, "मग जोडत का नाहीत?" तर उत्तर हे की हातातली नस (मज्जातंतू) तुटली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, मज्जारज्जूतली मात्र अशी वाढत नाही, आणि ती का वाढत नाही यावर जगभर लोक डोकं फोडतायत, तुमच्यातलं कुणी फोडा. यापुढं जाऊ नको. "मी एक दिवस चालणार" हे स्टेजवर म्हणू नको, घरी मनात काय म्हणायचं ते म्हण. मुलं घरी जाऊन लकव्यानं पडलेल्या आजोबांना सांगतात की तुम्ही मनात आणत नाही म्हणून चालत नाही. हे झालेलं आहे, एका पालकानं मला फोन करून झापलं होतं, आणि बरोबर होतं त्यांचं.

नारळाचं सांगायचं राहिलं. आपल्याकडं सत्कार टळत नाही. शाल घालतात ती चाकात अडकते, हार डोळ्यावर येतो, आणि नारळ थेट हातात देतात. एकदा मुख्याध्यापकांनी माझ्या तळहातावर नारळ ठेवला, फोटोसाठी कॅमेऱ्याकडं बघून हसले आणि हात काढला. बोटं धरणार कशी? नारळ मांडीवर, मांडीवरून फूटरेस्टवर, टक्क, आणि मग उताराच्या फरशीवरून निघाला तो गडगडत सतरंजीच्या कडेकडेनं पार मुलींच्या रांगेपर्यंत. पिनड्रॉप सायलेन्स. हसावं की नाही कुणाला कळेना, सरांचा चेहरा पडलेला. मी म्हटलं, "आणा तो परत, तुम्हाला गंमत दाखवतो." नारळ काही मला पेलत नाही, पण फळ्याखालचा खडू मागितला. तळहात खाली, मनगट सैल, बोटं उघडी. मग मनगट हळूहळू वर उचललं आणि बोटं आपोआप मिटत आली, अंगठा पहिल्या बोटाला टेकला, मधे खडू. चालतं ते फक्त मनगट, बोटांच्या दोऱ्या ताणल्या जातात म्हणून मूठ मिटते, टेनोडेसिस म्हणतात याला, तुझ्या ओटीनं (ऑक्युपेशनल थेरपिस्टनं) शिकवलं असेलच. मी त्या खडूनं फळ्यावर वाकडंतिकडं नाव लिहिलं. मग सगळ्या वर्गानं हात सैल सोडून मनगट वर-खाली करून बघितलं, ऐंशी मुलं आणि चार शिक्षक, कारण हे सगळ्यांच्याच हातात असतं, फक्त त्यांना कधी लागत नाही. तुझं मनगट वर होतं म्हणालास ना, मग आत्तापासून खडूची प्रॅक्टिस कर. (आणि कुणाला प्रेमानं तुझी बोटं ताणून सरळ करू देऊ नको मनगट मागं असताना, त्या दोऱ्या सैल पडल्या की ही पकड जाते.) चहाचं पण असंच, मांडीवर कप ठेवायचा नाही, कितीही आग्रह केला तरी. मला भाजल्याचं संध्याकाळी पँट काढताना कळलं होतं.

प्रश्नांची तयारी. "शू कशी करता" हा येणार, बहुतेक पाचवी-सहावीतून, शिक्षक त्याला गप्प करायला धावतील, तू म्हण राहू द्या सर. नळी आहे, बॅग आहे, पायाला बांधलीय, संपलं, दोन वाक्यांत. "स्वप्नात चालता का?" हा पण येतो, मला हा सगळ्यात आवडतो, खरं ते सांग. मी चालतो, पण चेअर हातानं ढकलत चालतो, का ते मला माहीत नाही. "मित्रांचा राग येतो का?" यावर पहिल्यांदा माझी बोबडी वळली होती. मान पाण्यात मोडली की ओढताना वाढली हे कधी कळणार नाही, आणि त्यातला एक मित्र पुढं तीन वर्षं रोज संध्याकाळी मला कुशीवर वळवायला यायचा. एवढंच सांगतो. लग्न, मुलं वगैरे नववी-दहावीत फिरवून फिरवून विचारतात, नको वाटलं तर "हे मी नाही सांगणार" असं सरळ म्हणायचं. मुलांना नाही ऐकायची सवय आहे, मोठ्यांनाच नसते.

"मरावंसं वाटलं का?" हा येईल. टाळू नको आणि रंगवू पण नको. मी म्हणतो हो, वाटलं होतं, बरेच महिने, मग एकाला सांगितलं, मग डॉक्टरांना सांगितलं, आणि ते कमी झालं. कसं, काय करणार होतो यातलं एक अक्षर बोलायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्यावर लिहायला लावतो, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि लहानांसाठी १०९८. शाळेला आधीच सांगून ठेव की कार्यक्रमानंतर एखादं मूल बोलायला आलं तर ऐकणारे एक सर किंवा बाई मोकळे ठेवा. आणि तुझ्या सकाळच्या डोळ्यांचं, तो नंबर तुझ्यासाठी पण आहे. मी पण वापरलाय. त्या दिवशी तसंच वाटत असेल तर कार्यक्रमाला नाही म्हण, हेडसर दुसरा वक्ता बघतील, त्यांच्याकडं यादी असते.

प्रस्तावनेचं आधी बोलून घे. तिथं हमखास म्हणतात, "बघा, यांना हातपाय नसून हे एवढं करतात आणि तुम्हाला सगळं असून अभ्यास होत नाही!" पहिलं म्हणजे हातपाय आहेत आपल्याला. दुसरं, मुलांना बदडायची छडी म्हणून मी आलेलो नाही. ऑस्ट्रेलियात स्टेला यंग म्हणून पत्रकार आणि कॉमेडियन होती, व्हीलचेअर वापरायची, तिनं २०१४ मध्ये सिडनीच्या टेडेक्समधे एक किस्सा सांगितला होता. ती मेलबर्नच्या एका शाळेत अकरावीला कायदा शिकवत होती, वीस मिनिटं शिकवून झाल्यावर एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, मॅम, तुमचं भाषण कधी सुरू होणार? कारण त्याच्या आयुष्यात व्हीलचेअरवरचा माणूस शाळेत येतो तो भाषण द्यायलाच. यावर मी खूप विचार केलाय, कारण मी तर खरंच भाषण द्यायलाच जातो. म्हणून निदान एवढं करतो की माझं रोजचं काम सांगतो, मी दोन दुकानांचे जीएसटीचे हिशोब बघतो, टायपिंगच्या काडीनं, त्यातली कटकट सांगतो. मुलं मग मुरलीकांत पेटकरांचं विचारतात, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला त्यांनी पोहण्यात गोल्ड मारलं, तुम्ही काय मारलं? मी म्हणतो मी मेडल-बिडल काही मारलं नाही, मी उधारीवाल्या गिऱ्हाइकाकडून पैसे काढतो, ते पण अवघड आहे. तमिळनाडूच्या प्रीती श्रीनिवासन पण क्वाड (चारही हातपायांना लकवा) आहेत, राज्याच्या अंडर-१९ क्रिकेट टीमच्या कॅप्टन होत्या, १९९८ मध्ये समुद्रावर असताना इंज्युरी झाली, त्यांचं सोलफ्री नावाचं काम स्पायनलवाल्यांसाठीच आहे, त्या पण शाळा-कॉलेजांत बोलतात. त्यांचं बोलणं ऐक जमलं तर, पण तुझं त्यांच्यासारखं करायला जाऊ नको, माझ्यासारखं पण नको.

वर्गात एखादं दिव्यांग मूल असेल तर शिक्षक त्याला कौतुकानं पुढं आणून तुझ्या शेजारी बसवतील. आधीच सांग, त्याला त्याच्या मित्रांत बसू द्या. पैशाचं, गावची शाळा आहे तर पहिल्यांदा फुकट जा, पण गाडीचं डिझेल आणि सोबतच्या माणसाचा दिवस एवढं मागायला लाजू नको. शहरातल्या एसी शाळांनी "एक्सपोजर मिळेल" म्हटलं तर मी मानधन सांगतो.

एक शेवटची गोष्ट, कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नको. वीस मिनिटं तिथंच थांब, सत्काराच्या चहाला ऑफिसात नेतील तर म्हण चहा इथंच आणा. एकदा सगळी मुलं गेली आणि एक आठवीतली मुलगी दप्तर छातीशी धरून खांबाजवळ उभी होती. भावाला वाटलं सही पाहिजे असेल. ती जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "माझे बाबा पण असेच आहेत. स्लॅबवरून पडले. त्यांच्या पाठीखाली जखम झालीय, वास येतो, म्हणून त्यांना मागच्या खोलीत ठेवलंय." मी विचारलं कुशीवर कोण वळवतं, तर म्हणाली वळवायचं असतं का? दीड वर्ष तो माणूस उताणा. डिस्चार्ज देताना दर दोन तासांनी वळवायला कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल पण समजलं नव्हतं. तिच्या आईचा नंबर घेतला, दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी काढून गेला, जखम हाडापर्यंत होती, ऑपरेशन लागलं. ते आता बसतात. त्या दिवशी मी काय भाषण केलं होतं ते मला एक शब्द आठवत नाही.

तर खिशात डॉक्टरचा, फिजिओचा आणि एअर कुशन कुठं मिळतं त्याचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेव, दहा-बारा पुरेत. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कसं काढायचं ते पण त्यावर लिही, घरात माणूस पडून असतो आणि कार्ड काढलेलं नसतं. आणि नारळ आईच्या हातात द्यायला सांग हेडसरांना, फोटो पण बरा येईल. ५ तारखेच्या आधी एकदा व्हिडिओ कॉल कर, खडू घेऊन बस.